जन्मजात रुबेला लक्षणसमूह

जन्मजात रुबेला लक्षणसमूह (अन्य नाव: जन्मजात रुबेला सिंड्रोम) म्हणजे गर्भवती स्त्रीला झालेला रुबेला विषाणूचा संसर्ग वारेतून गर्भापर्यंत पोहोचल्यामुळे बाळाच्या निरनिराळ्या अवयवांत निर्माण होणाऱ्या दोषांचा समूह होय. रुबेला हा आजार जर्मन गोवर या नावानेही ओळखला जातो. परंतु त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूहून वेगळा आहे. मुलांमध्ये व प्रौढांमध्ये हा आजार सहसा सौम्य असतो आणि काही दिवसांत आपोआप बरा होतो. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत झालेला संसर्ग मात्र गर्भपात, मृतजन्म किंवा बाळातील कायमस्वरूपी दोष यांना कारणीभूत ठरू शकतो.

बहिरेपण, मोतीबिंदू आणि हृदयाचे जन्मजात दोष ही या लक्षणसमूहाची तीन प्रमुख लक्षणे मानली जातात. त्यांच्या जोडीने मेंदू व मज्जासंस्था यांवरही परिणाम होतो. लघुशीर्षता, विकासातील विलंब, बौद्धिक अक्षमता, वर्तनविषयक अडचणी आणि स्वमग्नता हे त्यांपैकी काही होत. जन्माच्या वेळी निरोगी दिसणाऱ्या बाळातही यांतील काही परिणाम पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी प्रकट होऊ शकतात. गर्भातील संसर्ग दूर करणारे औषध उपलब्ध नाही. तथापि, गर्भधारणेपूर्वी घेतलेल्या लसीने हा लक्षणसमूह जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो.

## नाव

अठराव्या शतकात जर्मन वैद्यांनी या आजाराची वर्णने केल्यामुळे त्याला 'जर्मन गोवर' हे नाव पडले. १८१४ मध्ये जॉर्ज दि मॅटन यांनी तो गोवर व लोहितांग ज्वर यांपासून वेगळा असल्याचे सुचवले. 'रुबेला' हे नाव ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक हेन्री व्हील यांनी १८६६ मध्ये भारतातील एका साथीचे वर्णन करताना सुचवले. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'लालसर' असा होतो. १८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत रुबेलाला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळाली. पुढील साठ वर्षे तो निरुपद्रवी आजारच समजला जात होता.

## इतिहास

### ग्रेग यांचे निरीक्षण

१९४० मध्ये ऑस्ट्रेलियात रुबेलाची मोठी साथ आली होती. १९४१ च्या सुरुवातीस सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली बालके नेहमीपेक्षा अधिक संख्येने येऊ लागली. या बालकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला झाला होता, असे त्यांच्या चौकशीत आढळले. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे त्यांनी आपला निबंध वाचला. त्यात स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या मिळून ७८ बालकांची नोंद होती. त्यांपैकी ६८ बालकांच्या मातांनी गरोदरपणी रुबेला झाल्याचे सांगितले होते. अनेक बालकांना हृदयाचे दोषही होते.

बाह्य कारणामुळे, तेही इतक्या सौम्य आजारामुळे, गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते ही कल्पना त्या काळी नवी होती. जन्मजात दोष बहुतांशी आनुवंशिक असतात, असा समज प्रचलित होता. त्यामुळे ग्रेग यांच्या निष्कर्षाविषयी आरंभी शंका घेतल्या गेल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातील चार्ल्स स्वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मोतीबिंदूबरोबरच बहिरेपण व लघुशीर्षता यांचाही संबंध दिसून आला. पुढे संख्याशास्त्रज्ञ हेन्री ऑलिव्हर लँकेस्टर यांनी ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणनांतील मूकबधिरांच्या नोंदी तपासल्या. विशिष्ट वर्षांत, विशेषतः १८९९ च्या सुमारास, जन्मलेल्या बहिऱ्या व्यक्तींची संख्या अनपेक्षितपणे मोठी होती आणि ती वर्षे रुबेलाच्या साथींशी जुळत होती. हा लक्षणसमूह नवा नसून तो तोवर ओळखलाच गेला नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले.

### १९६२ ते १९६५ ची साथ

१९६२ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा केला. याच सुमारास युरोपात सुरू झालेली साथ १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पसरली. तेथे सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना रुबेला झाला, असा अंदाज आहे. सुमारे ११,२५० गर्भपात (आपोआप झालेले व केलेले मिळून) आणि सुमारे २,१०० नवजात बालकांचे मृत्यू या साथीशी जोडले गेले. सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेला लक्षणसमूह घेऊन जन्मली. त्यांपैकी ११,००० हून अधिक बहिरी, सुमारे ३,५०० अंध आणि सुमारे १,८०० बौद्धिक अक्षमता असलेली होती.

एकाच वेळी इतकी बाधित बालके जन्मल्यामुळे त्यांच्या वाढीचा दीर्घकालीन अभ्यास शक्य झाला. या लक्षणसमूहाच्या मज्जासंस्थेवरील परिणामांविषयीची बरीच माहिती याच पिढीच्या पाहणीतून मिळाली आहे. या मुलांमुळे अमेरिकेतील बहिऱ्यांच्या शाळांमधील विद्यार्थिसंख्या वाढली. बहिरेपण व अंधत्व एकत्र असलेल्या मुलांसाठी १९६८ नंतर तेथे शासकीय साहाय्याने प्रादेशिक केंद्रे उभारण्यात आली.

## विषाणू व संसर्ग

रुबेलाच्या विषाणूत एकपदरी आरएनए असतो. पूर्वी त्याचा समावेश टोगाव्हिरिडी कुलात केला जात असे. २०१८ पासून तो मॅटोनाव्हिरिडी या स्वतंत्र कुलात ठेवला जातो. हे नाव जॉर्ज दि मॅटन यांच्यावरून दिलेले आहे. निसर्गात या विषाणूचा ज्ञात आश्रयदाता केवळ मनुष्य आहे.

संसर्ग खोकला, शिंक व श्वास यांवाटे पसरतो. विषाणूने शरीरात प्रवेश केल्यानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी चेहऱ्यावर बारीक, गुलाबी पुरळ उठते व ते अंगभर पसरून सुमारे तीन दिवसांत मावळते. सौम्य ताप तसेच कानामागील व मानेवरील लसीका ग्रंथींची सूज ही अन्य लक्षणे होत. प्रौढ स्त्रियांमध्ये सांधेदुखीही वारंवार आढळते. बाधितांपैकी पाव ते निम्म्या व्यक्तींना कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत. पुरळ दिसण्याच्या सुमारे एक आठवडा आधीपासून रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. म्हणूनच गर्भवती स्त्रीला आपण रुबेलाच्या संपर्कात आलो, किंवा आपल्याला तो होऊन गेला, हे अनेकदा कळतही नाही.

## गर्भावस्थेचा काळ व धोका

गर्भाला होणारी हानी मुख्यतः संसर्गाच्या वेळेवर अवलंबून असते. मातेच्या आजाराची तीव्रता यात निर्णायक नसते. एलिझाबेथ मिलर व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील गर्भवती स्त्रियांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढील गोष्टी आढळल्या:

* पहिल्या १२ आठवड्यांत मातेला पुरळासह रुबेला झाल्यास ८० टक्क्यांहून अधिक गर्भांना संसर्ग झाला. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात हे प्रमाण ५४ टक्के, तर दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीस २५ टक्के होते.
* अकराव्या आठवड्यापूर्वी संसर्ग झालेल्या सर्व बालकांत दोष आढळले. ते प्रामुख्याने हृदयदोष व बहिरेपण या स्वरूपाचे होते.
* तेराव्या ते सोळाव्या आठवड्यात संसर्ग झालेल्या सुमारे ३५ टक्के बालकांत केवळ बहिरेपण आढळले.
* सोळाव्या आठवड्यानंतर संसर्ग झालेल्या बालकांत रुबेलामुळे झालेले दोष आढळले नाहीत.

गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यात विषाणू गर्भापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण पुन्हा वाढते. परंतु तोपर्यंत अवयवांची घडण पूर्ण झालेली असल्याने दोष सहसा निर्माण होत नाहीत. डोळे व हृदय यांची मूळ रचना पहिल्या काही आठवड्यांत पूर्ण होते, तर अंतर्कर्णाची घडण त्यानंतरही चालू राहते. उशिरा झालेल्या संसर्गात बहिरेपण हा एकमेव दोष असण्याचे हे कारण मानले जाते.

## मज्जासंस्थेवरील परिणाम

### हानीची प्रक्रिया

मातेच्या रक्तातून विषाणू प्रथम वारेत शिरतो. तेथील रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी बाधित होऊन सुटतात व रक्तप्रवाहाबरोबर गर्भाच्या अवयवांपर्यंत पोहोचतात. गर्भाची प्रतिकारशक्ती अपुरी असल्याने विषाणूचा नायनाट होत नाही आणि संसर्ग महिनोन्‌महिने टिकून राहतो.

मेंदूची हानी प्रामुख्याने तीन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे पेशीविभाजनाचा वेग मंदावणे. रुबेलाचा विषाणू बाधित पेशींना लगेच मारत नाही, पण त्यांचे विभाजन रोखतो. परिणामी अवयवातील पेशींची एकूण संख्या कमी राहते व मेंदूची वाढ खुंटते. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या इजेचा आहे. १९६० च्या दशकातील साथीत मृत्यू पावलेल्या बालकांच्या मेंदूच्या तपासणीत लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा झालेली आणि रक्तपुरवठ्याअभावी आसपासच्या ऊतींचे लहान लहान भाग मृत झालेले आढळले. तिसरा प्रकार दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा आहे. मेंदू व त्याची आवरणे यांचा दाह जन्मानंतरही चालू राहू शकतो. काही बालकांच्या मस्तिष्कमेरुद्रवात जन्मानंतर वर्षभराहून अधिक काळ विषाणू आढळला आहे. त्यामुळे हा लक्षणसमूह गर्भावस्थेत घडून गेलेली एक इजा नसून जन्मानंतरही चालू राहणारा संसर्ग आहे, असे मानले जाते.

### अर्भकावस्थेतील लक्षणे

बाधित अर्भकांत पुढील लक्षणे दिसू शकतात: डोक्याचा घेर अपेक्षेपेक्षा लहान असणे, टाळू फुगलेली असणे, स्नायूंचा ढिलेपणा, अतिशय चिडचिड किंवा उलट सुस्तपणा, दूध ओढताना त्रास होणे, झोपेच्या तक्रारी आणि आकडी. ह्यूस्टन येथील बालरोगतज्ज्ञ मर्डिना डेस्मंड व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाधित बालकांमधील अशा मेंदूदाहाचे सविस्तर वर्णन आहे. मान धरणे, बसणे, उभे राहणे व चालणे हे टप्पे अशी मुले अनेकदा उशिरा गाठतात. सर्वच मुलांची वाटचाल सारखी नसते. काहींची हालचाल पुढे बरीच सुधारते, तर काहींमध्ये स्नायूंचा ताठरपणा किंवा बौद्धिक अक्षमता कायम राहते.

### श्रवणदोष व भाषाविकास

बहिरेपण हा या लक्षणसमूहातील सर्वाधिक आढळणारा दोष आहे. विषाणूमुळे अंतर्कर्णातील शंखाकृती भागाच्या संवेदी पेशी व तेथील रक्तपुरवठा यांना इजा होते. दोष एका किंवा दोन्ही कानांत असू शकतो. जन्मानंतर तो वाढत जाणे किंवा काही काळाने प्रथमच प्रकट होणे हेही शक्य असते. त्यामुळे जन्मतः केलेली श्रवणचाचणी सामान्य आली तरी पुढील काही वर्षे ती पुन्हा करत राहणे आवश्यक मानले जाते.

अर्भकावस्था व त्यानंतरची पहिली काही वर्षे भाषा आत्मसात करण्याच्या दृष्टीने निर्णायक असतात. या काळात श्रवणदोष लक्षात आला नाही व मुलाला ध्वनीद्वारे किंवा खुणांच्या भाषेद्वारे भाषेचा अनुभव मिळाला नाही, तर भाषाविकासाबरोबरच विचारप्रक्रिया, सामाजिक संबंध व शिक्षण यांवरही परिणाम होतो. न ओळखलेल्या बहिरेपणामुळे मुलाला चुकीने मतिमंद ठरवले जाण्याची उदाहरणे पूर्वी पुष्कळ होती. बहिरेपणाबरोबर मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असल्यास माहिती मिळवण्याचे दोन्ही मुख्य मार्ग अरुंद होतात. अशा बहुविकलांग मुलांना स्पर्शावर आधारित विशेष शिक्षणाची गरज भासते.

### वर्तन व स्वमग्नता

न्यू यॉर्क येथील बालमनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी १९६४ च्या साथीनंतर जन्मलेल्या २४३ बाधित मुलांचा अभ्यास केला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी १० मुलांत स्वमग्नतेची पूर्ण लक्षणे व आणखी ८ मुलांत अंशतः लक्षणे आढळली. त्या काळी सर्वसाधारण मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण दर दहा हजारांत काही मोजकी मुले इतकेच मानले जात होते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्पाहणीत काही मुलांची लक्षणे कमी झालेली, तर अन्य काही मुलांत ती नव्याने दिसू लागलेली आढळली. गर्भावस्थेतील रुबेला हे स्वमग्नतेच्या ज्ञात जन्मपूर्व कारणांपैकी एक मानले जाते.

या संदर्भात एक गैरसमज विशेष उल्लेखनीय आहे. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचवणारा निबंध १९९८ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पुढील मोठ्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळला नाही आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. वस्तुतः रुबेलाची लस स्वमग्नतेच्या एका ज्ञात कारणाला प्रतिबंध करते.

अवधानाचा अभाव, अतिचंचलता, आवेगशीलता व स्वतःला इजा करून घेणे या वर्तनविषयक अडचणीही बाधित मुलांत आढळल्या आहेत.

### उशिरा दिसणारे परिणाम

सिडनी येथे ग्रेग यांच्या काळात जन्मलेल्या बाधित व्यक्तींची पाहणी अनेक दशके चालू राहिली. पंचवीस वर्षांनंतर केलेल्या पाहणीत त्यांपैकी बहुतेक जण बहिरे असले, तरी अनेकांना रोजगार मिळालेला व त्यांनी समाजात चांगले जुळवून घेतलेले आढळले. मात्र वाढत्या वयात मधुमेह व अवटू ग्रंथीचे विकार यांचे प्रमाण त्यांच्यात सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक होते.

प्रगामी रुबेला सर्वमस्तिष्कदाह हा अत्यंत दुर्मीळ व प्राणघातक परिणाम आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्याची प्रथम नोंद झाली. यात अनेक वर्षे स्थिर असलेल्या मुलाची प्रकृती साधारणपणे वयाच्या दुसऱ्या दशकात ढासळू लागते. शाळेतील प्रगती घसरणे, चालताना तोल जाणे, आकडी येणे आणि बुद्धीचा ऱ्हास ही त्याची लक्षणे होत.

## इतर अवयवांवरील परिणाम

* डोळे: मोतीबिंदू, काचबिंदू, नेत्रगोल लहान असणे, दृष्टिपटलावर मीठ-मिरी विखुरल्यासारखे ठिपके.
* हृदय: जन्मानंतर बंद होणारी महाधमनी व फुप्फुसधमनी यांमधील नलिका उघडी राहणे, फुप्फुसधमनीच्या शाखा अरुंद असणे.
* रक्त व त्वचा: बिंबाणूंची संख्या कमी होणे, त्वचेवर जांभळट डाग.
* अन्य: जन्माच्या वेळी कमी वजन, यकृत व प्लीहा यांची वाढ, कावीळ, हाडांतील बदल.

## निदान

गर्भवती स्त्रीला पुरळ उठल्यास किंवा ती रुबेलाच्या रुग्णाच्या संपर्कात आल्यास रक्तातील आयजीएम व आयजीजी या प्रतिपिंडांची तपासणी केली जाते. एकदाच केलेल्या आयजीएम चाचणीचा होकारार्थी निष्कर्ष नेहमी ताजा संसर्ग दर्शवत नाही. अन्य विषाणूंच्या संसर्गातही तो चुकीने होकारार्थी येऊ शकतो. त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने आयजीजीच्या पातळीतील वाढ तपासणे व त्याच्या बंधनक्षमतेची चाचणी करणे यांद्वारे निदान पक्के केले जाते. केवळ आयजीजी होकारार्थी असणे हे सहसा पूर्वीच्या संसर्गाचे किंवा लसीकरणाचे, म्हणजेच संरक्षणाचे, लक्षण असते.

नवजात बालकात आयजीएम प्रतिपिंड आढळणे, अथवा घशातील स्राव किंवा मूत्र यांत विषाणूचा आरएनए आढळणे यावरून निदान होते. मातेकडून आलेले आयजीजी प्रतिपिंड काही महिन्यांत कमी होत जातात. ते अपेक्षेप्रमाणे कमी न झाल्यास बाळाला स्वतःला संसर्ग झाल्याचे सूचित होते. या प्रयोगशाळा चाचण्या पहिल्या वर्षात, शक्यतो पहिल्या सहा महिन्यांत, करणे महत्त्वाचे असते. पुढे प्रतिपिंड जन्मपूर्व संसर्गाचे की नंतरच्या आजाराचे अथवा लसीचे, हे ओळखणे अवघड होते. ओएई व बेरा या श्रवणचाचण्या, नेत्रतपासणी, हृदयाची सोनोग्राफी आणि मेंदूची प्रतिमाचित्रे यांचाही निदानात उपयोग होतो.

बाधित बालकाच्या घशातून व मूत्रातून वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ विषाणू बाहेर पडू शकतो. म्हणून तपासणीत विषाणू नसल्याचे सिद्ध होईपर्यंत असे बालक एक वर्षाचे होईतो संसर्गजन्य मानले जाते. प्रतिकारशक्ती नसलेल्या गर्भवती स्त्रियांना त्याच्या निकट संपर्कापासून दूर ठेवले जाते.

## उपचार व पुनर्वसन

विषाणूविरुद्ध विशिष्ट उपचार उपलब्ध नाहीत. मोतीबिंदू व हृदयदोषांवर शस्त्रक्रिया करता येते. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट, वाचोपचार, खुणांची भाषा, भौतिकोपचार व विशेष शिक्षण यांचा वापर मुलाच्या गरजेनुसार केला जातो. हे साहाय्य जितक्या लवकर सुरू होईल तितका भाषा व आकलन यांच्या विकासाला लाभ होतो. मज्जासंस्थेची झालेली हानी भरून निघत नसली, तरी श्रवणदोष वेळीच ओळखल्यास त्यातून उद्भवणारी भाषिक वंचितता टाळता येते.

भारतात जन्मजात दोष व विकासातील विलंब यांच्या तपासणीसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्याचा प्रारंभ तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात कार्य करते. मुंबईतच १९७७ मध्ये स्थापन झालेली हेलन केलर संस्था बहिरेपण व अंधत्व एकत्र असलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी ओळखली जाते.

## प्रतिबंध

### लस

अमेरिकेत रुबेलाच्या पहिल्या लसीला १९६९ मध्ये परवाना मिळाला. सध्या बहुतेक देशांत वापरला जाणारा आरए २७/३ हा दुर्बल केलेला विषाणू स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत विकसित केला. या लसीची एक मात्रा सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक व्यक्तींना दीर्घकालीन संरक्षण देते.

लसीत जिवंत पण दुर्बल विषाणू असल्याने ती गर्भवती स्त्रीला दिली जात नाही. लस घेतल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. ही खबरदारी आहे. गर्भधारणेची कल्पना नसताना लस घेतलेल्या स्त्रियांच्या बालकांत लसीमुळे हा लक्षणसमूह झाल्याचे आढळलेले नाही. म्हणून अनवधानाने घेतलेली लस हे गर्भपाताचे कारण मानले जात नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या स्त्रीला प्रसूतीनंतर लस देता येते. ती स्तनपान करत असली तरी चालते.

### लसीकरणाची धोरणे

धोका गर्भवती स्त्रीला असल्याने केवळ मुलींना लस द्यावी की सर्व मुलांना, याविषयी आरंभी दोन मते होती. ब्रिटनने १९७० पासून केवळ शाळकरी मुलींना लस दिली. मात्र या धोरणात लहान मुले व पुरुष यांच्यात विषाणू फिरत राहिला आणि १९८८ मध्ये ब्रिटनने सर्व मुलांना लस देण्यास सुरुवात केली. जपानमध्ये १९७७ ते १९९५ या काळात केवळ शाळकरी मुलींना लस दिली जात होती. २०१२ ते २०१४ मध्ये तेथे आलेल्या साथीत सुमारे १७,००० रुग्णांपैकी बहुसंख्य प्रौढ पुरुष होते. त्या साथीशी निगडित ४५ बालकांत जन्मजात रुबेला लक्षणसमूह आढळला.

अपुरे लसीकरणही घातक ठरू शकते. थोड्याच मुलांना लस दिल्यास विषाणूचा प्रसार मंदावतो, पण थांबत नाही. लस न घेतलेल्या मुली बालपणी संसर्गातून निसटतात व प्रतिकारशक्तीविना जननक्षम वयात पोहोचतात. ग्रीसमध्ये १९७० च्या दशकापासून लस उपलब्ध असूनही तिचा प्रसार कमी होता. १९९३ मधील साथीनंतर तेथे या लक्षणसमूहाची २५ प्रकरणे निश्चित झाली. या कारणास्तव किमान ८० टक्के मुलांपर्यंत पोहोचण्याची खात्री असल्यावरच लसीकरण सुरू करावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने देशांना दिला होता.

उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांतून रुबेला व जन्मजात रुबेला लक्षणसमूह यांचे निर्मूलन झाल्याचे एप्रिल २०१५ मध्ये जाहीर करण्यात आले. हा लक्षणसमूह प्रथम ओळखला गेलेला ऑस्ट्रेलिया २०१८ मध्ये रुबेलामुक्त घोषित झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३२,००० बालके या लक्षणसमूहासह जन्मली.

## भारतातील स्थिती

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दीर्घकाळ केवळ गोवराची लस होती. रुबेलाची लस प्रामुख्याने खासगी दवाखान्यांतून एकत्रित लसीच्या रूपात मिळत असे. ५ फेब्रुवारी २०१७ रोजी ९ महिने ते १५ वर्षे वयोगटातील सर्व मुला-मुलींसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. पहिल्या टप्प्यात गोवा, कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी व लक्षद्वीप यांचा समावेश होता. महाराष्ट्रात ही मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ पासून शाळा, अंगणवाड्या व आरोग्य केंद्रे यांमधून राबवण्यात आली. मोहिमेनंतर गोवर-रुबेला लस नियमित कार्यक्रमात समाविष्ट झाली. तिची पहिली मात्रा ९ ते १२ महिने व दुसरी १६ ते २४ महिने या वयात दिली जाते. या लसीच्या प्रमुख उत्पादकांत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचा समावेश होतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१६ च्या अखेरीस निवडक रुग्णालयांत या लक्षणसमूहाचे सर्वेक्षण सुरू केले. पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय त्यांपैकी एक होते. जुलै २०१८ पर्यंत तपासलेल्या २०७ संशयित बालकांपैकी ७२ बालकांत प्रयोगशाळा चाचण्यांनी निदान निश्चित झाले. देशातून गोवर व रुबेला यांचे निर्मूलन करण्यासाठी २०२६ हे लक्ष्यवर्ष ठरवण्यात आले आहे. मोहिमेच्या वेळी १५ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रिया तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यामुळे ज्यांनी पूर्वी लस घेतलेली नाही व ज्यांना हा आजारही झालेला नाही, अशा स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणेपूर्वी लस घेण्याचे महत्त्व कायम आहे.

## इतर जन्मपूर्व विषाणुसंसर्गांशी तुलना

गर्भाच्या मज्जासंस्थेला हानी पोहोचवणारा रुबेला हा एकमेव विषाणू नाही. रुबेलाचे लसीकरण झालेल्या देशांत सायटोमेगॅलो विषाणू हे बालकांतील जन्मजात संसर्गाचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यामुळेही उशिरा प्रकट होणारे बहिरेपण, लघुशीर्षता व विकासातील विलंब उद्भवतो. रुबेलाप्रमाणे पूर्वीच्या संसर्गातून त्याच्याविरुद्ध पूर्ण संरक्षण मिळत नाही. लक्षणे असलेल्या बालकांवर विषाणुरोधक औषधांचा काही प्रमाणात उपयोग होतो.

डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचा लघुशीर्षतेशी असलेला संबंध २०१५-१६ मध्ये ब्राझीलमधील साथीत उघड झाला. हा विषाणू चेतापेशींच्या पूर्वज पेशींचा थेट नाश करतो. त्यामुळे रुबेलाच्या तुलनेत त्यात मेंदूची रचनात्मक हानी अधिक तीव्र असते. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर (ता. पुरंदर) येथे आढळला. या दोन्ही विषाणूंविरुद्ध सर्वसाधारण वापरासाठी लस उपलब्ध नाही. मेंदूच्या जन्मपूर्व विषाणूजन्य हानीचे प्रमुख कारण असलेला, आणि तरीही लसीने जवळजवळ पूर्णपणे टाळता येणारा संसर्ग या दृष्टीने रुबेलाचे स्थान वेगळे आहे.

## हे सुद्धा पहा

* रुबेला
* गोवर
* लसीकरण
* लघुशीर्षता
* स्वमग्नता
* झिका विषाणू